स्टेशन मास्तर नसलेलं स्टेशन

होक्काइदोतल्या त्या शाळकरी मुलीची गोष्ट तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल. आडगावातलं स्टेशन, तिथे चढणारी ती एकटीच, आणि तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत जपानच्या रेल्वेने केवळ तिच्यासाठी गाडी चालू ठेवली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ही गोष्ट अधूनमधून उगवते आणि मी जपानात राहते म्हणून शेवटी विचारणा माझ्याकडे येते, "खरं का गं हे?"

ही गोष्ट जानेवारी २०१६ मध्ये जगभर पसरली. स्टेशनाचं नाव होतं कामी-शिराताकी. प्रत्यक्षात ती मुलगी त्याच मार्गावरच्या क्यू-शिराताकी स्टेशनावर चढायची आणि त्या गाडीने शाळेला जाणारी ती एकटी नव्हती. कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही तिन्ही स्टेशनं २६ मार्च २०१६ ला बंद झाली. प्रवासी फारच थोडे उरले म्हणून ती बंद करायचं आधीच ठरलं होतं. जपानमध्ये रेल्वेचं नवं वेळापत्रक मार्चमध्ये लागतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं. दोन्ही तारखा जवळ आल्या आणि लोकांनी त्यांची गाठ मारली.

गोष्ट गोड आहे, पण मला ती खुपते. त्यात एक दयाळू रेल्वे आहे आणि एक मुलगी आहे, बस. अशा स्टेशनावर रोजचं काम कोण करतं, कुणाची सोय होते, कुणाची होत नाही, याचा त्यात पत्ता नाही. मी शिकोकू बेटावर मात्सुयामात राहते आणि आमच्या भागात अशी स्टेशनं पावलोपावली आहेत. जपानभरात सुमारे साडेनऊ हजार स्टेशनं आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या स्टेशनांवर रेल्वेचा एकही माणूस नसतो. त्यांना इथे मुजिन-एकी म्हणतात. म्हणजे हा कुठला अजब अपवाद नाही, निम्मा देश असाच चालतो. त्यांतल्या एका स्टेशनाबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. गेल्या शरद ऋतूत माझे बाबा इथे आले, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे ते लिहिणं सोपं झालं.

बाबा मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होते. सगळी नोकरी लहान स्टेशनांवर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रात्री लांबून गाडीचा आवाज आला की आधी घड्याळ बघतात. मी त्यांना क्योतो दाखवलं, हिरोशिमा दाखवलं, शिंकान्सेनमध्ये, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनमध्ये, बसवलं. ते सगळं त्यांनी कौतुकाने पाहिलं. पण ज्या स्टेशनाच्या बाकावरून ते उठायलाच तयार नव्हते, ते शिमोनादा.

शिमोनादा हे योसान मार्गावरचं स्टेशन, १९३५ साली सुरू झालेलं. एक छोटी लाकडी इमारत, एक फलाट, एक रूळ. फलाटावर चार खांबांवर उभं असलेलं बेताचं छप्पर आणि त्याखाली बाक. बाकावर बसलं की समोर इयोनादा, म्हणजे सेतो अंतर्गत समुद्राचा हा भाग. मध्ये ना कठडा, ना जाहिरातीचा फलक. पूर्वी समुद्र अगदी स्टेशनाच्या पायथ्याशी होता. नंतर खाली भराव घालून राष्ट्रीय महामार्ग ३७८ बांधला, त्यामुळे पाणी थोडं मागे गेलं. फलाटावर बसलेल्याला मात्र तो रस्ता सहसा दिसत नाही, नजर त्याच्यावरून थेट पाण्यावर जाते.

हे स्टेशन इतकं शांत का राहिलं, याला कारण आहे. १९८६ साली डोंगरातून, उचिकोमार्गे, नवा जवळचा मार्ग सुरू झाला. मुकाइबारा स्टेशनापासून दोन फाटे फुटतात. जलद गाड्या डोंगराच्या बाजूने निघून जातात आणि जुन्या किनारी मार्गावर उरतात त्या फक्त एका-दोन डब्यांच्या लोकल. विजेच्या तारा मुकाइबाराच्या अलीकडे, इयो-शी स्टेशनातच संपतात. पुढे डिझेल. म्हणजे ज्या वर्षी गाड्यांनी या गावाकडे पाठ फिरवली, ते वर्ष १९८६. त्याच वर्षी इथल्या लोकांनी काय केलं असेल? फलाटावर संध्याकाळी संगीताची मैफल भरवली. सूर्य समुद्रात बुडत असताना फलाटावर गाणं-वाजवणं, समोर गावकरी, मध्येच गाडी आली की ती पण त्यात सामील. ही मैफल पुढे दर वर्षीची झाली. मला या स्टेशनाबद्दलची सर्वांत आवडती गोष्ट हीच. फोटो आणि प्रसिद्धी नंतर आली. 'सेइशुन १८' नावाचं सुट्ट्यांमधलं स्वस्त तिकीट आहे, लोकल गाड्यांनी हवं तितकं हिंडण्याचं. नावात अठरा असलं तरी वयाची अट नाही. त्या तिकिटाच्या जाहिरातीच्या पोस्टरवर १९९८ ते २००० या काळात शिमोनादा तीनदा झळकलं आणि मग लोक हे बाक शोधत येऊ लागले.

आम्ही मात्सुयामाहून निघालो ते आठवड्यातल्या मधल्या वारी, मुद्दाम. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला इथे 'इयोनादा मोनोगातारी' ही पर्यटकांची गाडी येते, आणि मोटारींनी आलेल्यांचीही गर्दी असते. बाबांना गर्दीतलं स्टेशन दाखवायचं नव्हतं.

आमचा डबा एकटाच होता, किहा ३२ जातीचा. हे डबे १९८६-८७ मधले, सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन वेगवेगळ्या कंपन्या व्हायच्या अगदी तोंडावर शिकोकूसाठी बांधलेले. जेमतेम सोळा मीटर लांब, दोन्ही बाजूंना खिडक्यांना पाठ लावून बसायची लांबलचक आसनं. शौचालय नाही. वयस्कर माणसाला घेऊन येणार असाल तर हे लक्षात ठेवा, मात्सुयामातच उरकून घ्या.

चढायचं मागच्या दाराने. दाराशी एक पेटी असते, तिच्यातून नंबराची चिठ्ठी बाहेर डोकावत असते, ती ओढून घ्यायची. तुम्ही कुठल्या स्टेशनावर चढलात, त्याचा तो नंबर. समोर, चालकाच्या डोक्यावर एक फलक असतो. त्यावर प्रत्येक नंबराखाली त्या-त्या क्षणीचं भाडं दिसतं, आणि स्टेशन मागे पडलं की आकडे बदलतात. उतरताना पुढच्या दाराने, चालकाच्या शेजारच्या काचेच्या पेटीत चिठ्ठी आणि बरोब्बर भाडं टाकायचं. पेटी सुटे परत देत नाही. सुट्यांसाठी तिथेच वेगळी फट आहे, हजार येनची नोट घालून आधी नाणी करून घ्यायची, आणि तीसुद्धा गाडी स्टेशनात शिरायच्या आधी. आपल्यामुळे गाडी थांबून राहू नये, एवढी जाणीव इथल्या शाळेतल्या पोरांनाही असते.

बाबा आसनावर टेकलेच नाहीत. चालकाच्या मागच्या काचेशी जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, बसा ना, अजून बराच वेळ आहे." तर म्हणाले, "बसायला घर आहे. मला बघू दे."

काय बघत होते? तर चालकाचा हात. पांढरा हातमोजा घातलेला उजवा हात. सिग्नल दिसला की चालक बोटाने तो दाखवतो आणि काय दिसलं ते मोठ्याने म्हणतो. ऐकायला दुसरं कुणी नसतं. स्टेशनात थांबल्यावर वेळापत्रकाच्या कागदावरून बोट फिरवतो, घड्याळाकडे बोट करतो, आरशात दारं बघतो, पुन्हा बोट. डोळा, हात आणि तोंड तिन्ही कामाला लावले की चूक कमी होते, म्हणून इथल्या रेल्वेत ही पद्धत आहे. बाबांनी तीन-चार स्टेशनं ते पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हा गार्डही आहे, तिकीट तपासनीसही आहे आणि ड्रायव्हरही आहे. बिचाऱ्याला शिंकायला फुरसत नाही."

शिमोनादाला उतरलो. गाडी गेली. आमच्यासोबत एक आजीबाई उतरल्या होत्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. बाबा फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. समुद्राकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते रुळाकडे बघत होते. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आणि तो मला अपेक्षित नव्हता. "लाइन क्लिअर कोण देतं?"

लाइन क्लिअर म्हणजे पुढचा रूळ मोकळा आहे, गाडी सोडा, ही परवानगी. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत, हे स्टेशन मास्तराचं मूळ काम. तिकिटं विकणं त्यामानाने बारीक काम. बाबांच्या सुरुवातीच्या स्टेशनावर त्यासाठी टोकनचा गोळा होता. पुढच्या स्टेशनाने यंत्रातून परवानगी दिली की गोळा बाहेर यायचा, तो वेताच्या कड्यात घालून धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचा, आणि ज्याच्या हाती गोळा त्याचीच लाइन. जपानमध्येही एकेरी मार्गांवर अगदी असंच होतं. धातूची गोल चकती, चामड्याच्या पिशवीत घातलेली, पिशवीला मोठं कडं. तोपर्यंत कितीही लहान स्टेशन असलं तरी, जिथे गाड्यांची क्रॉसिंग होतात तिथे माणूस ठेवावाच लागायचा, दिवसाला दहा प्रवासी असोत की दोन. पुढे रुळांतून वाहणारी वीजच गाडी कुठे आहे ते सांगू लागली, सांधे, म्हणजे गाडीला रूळ बदलून देणारे जोड, आणि सिग्नल दूरच्या नियंत्रण कक्षातून हलू लागले, आणि स्टेशनावरच्या माणसाचं ते मूळ काम संपलं. शिमोनादात पूर्वी दोन रूळ होते, गाड्यांची क्रॉसिंग व्हायची. आता एकच रूळ आहे. सांधा नाही, सिग्नल नाही. गाडी येते, थांबते, जाते.

मी हे सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे सांधेवाला गेला, मग मास्तर गेला. बरोबर आहे. याच क्रमाने जातात."

पैशांचं कारण अर्थात होतंच. १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचे तुकडे झाले तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचं कर्ज होतं. त्याआधीच लहान स्टेशनांवरचा माल आणि पार्सलं ट्रककडे गेली होती. काम गेलं, पैसा गेला, मग माणूस गेला. शिकोकूच्या वाट्याला आलेली कंपनी जपानच्या सहा प्रवासी रेल्वे कंपन्यांमध्ये सर्वांत लहान. तिच्याकडे शिंकान्सेन नाही की टोकियोसारखी खचाखच भरलेली लोकल नाही. ती प्रत्येक स्टेशनावर माणूस कुठून ठेवणार, हे मला समजतं.

बाबांचा पुढचा प्रश्न होता, "झाडतं कोण?"

कारण स्टेशन स्वच्छ होतं. नुसतं कचरा नाही असं नव्हे, झाडलेलं. लाकडी इमारतीच्या आत कोपऱ्यात झाडू उभा होता, त्याची मूठ वापरून काळी-गुळगुळीत झालेली. फलाटाच्या कडेने फुलझाडं लावलेली, आणि वाळलेली फुलं कुणीतरी खुडून टाकलेली. हे गावकरी करतात. पूर्वीचं फुतामी गाव, आता इयो शहराचा भाग. या किनाऱ्याने मावळता सूर्य हीच आपली ओळख मानली आहे आणि स्टेशन त्यांच्या अंगणासारखं आहे. वयस्कर मंडळी येऊन झाडतात, तण उपटतात. पगार नाही.

आत भिंतीलगतच्या टेबलावर एक वही होती. अशा स्टेशनांवर ती बहुधा असते. येणाऱ्याने चार ओळी लिहून जायचं. बाबांनी ती पानापानाने चाळली, एक अक्षर वाचता येत नसताना. मी अधलंमधलं वाचून दाखवलं. कुणी ओसाकाहून आलं होतं आणि ढगांमुळे सूर्य दिसला नाही म्हणून हळहळत होतं. एकीने लिहिलं होतं की नवी नोकरी लागली, उद्यापासून हजर व्हायचंय, आज दिवसभर इथे बसले. एका लहान मुलाने गाडीचं चित्र काढलं होतं, चाकं भरपूर. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि मराठीत लिहिलं. आधी तारीख, मग आलेल्या गाडीची वेळ, मग 'वेळेवर', मग 'हवा स्वच्छ', आणि खाली पूर्ण नाव व हुद्दा. अगदी ट्रेन सिग्नल रजिस्टर भरावं तसं. मी काही बोलले नाही. ते पान तिथेच आहे, कुणी मराठी माणूस गेला तर दिसेल.

आता त्या आजीबाईंचं. शिमोनादाला आमच्याआधी त्या दाराशी आल्या होत्या. पाठीत वाकलेल्या, आणि सोबत ती चार चाकांची ढकलगाडी, जी इथल्या आज्या आधाराला घेतात, दमलं तर तिच्यावरच बसतात. या डब्यांच्या दारात पायरी असते. आजी पायरीशी थबकल्या. चालकाने पैशांच्या पेटीशेजारचं दार ढकललं, स्वतः खाली उतरला, आधी ढकलगाडी फलाटावर ठेवली, तिचा ब्रेक लावला, मग आजींसमोर हात धरला. त्यांच्या हातावर हात ठेवून आजी उतरल्या. दोघंही एकमेकांना वाकले. चालक चढला, घड्याळाकडे बोट केलं, आरशाकडे बोट केलं, आणि गाडी निघाली. एक मिनिट उशिरा. बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं.

हे पाहून मला बरं वाटलं होतं, बाबांना नाही. बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "आज आजींचे पाय चालत होते म्हणून निभावलं. उद्या त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या तर? तो एकटा गडी त्यांना उचलणार आहे का? आणि गाडी गेल्यावर त्या फलाटावर पडल्या तर कुणाला कळणार?"

मी इथल्या व्यवस्थेची बाजू घ्यायला सरसावले, आणि मग थांबले, कारण त्यांचं म्हणणं खरं आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला अशा स्टेशनावर यायचं तर बहुतेक ठिकाणी आधी फोन करून कळवावं लागतं, मग दुसऱ्या स्टेशनावरून कुणीतरी उतरती फळी घेऊन येतो. बाकीच्यांनी मनात आलं की उठून जायचं, आणि याने मात्र आधी विचारायचं. क्युशूमध्ये ओइता इथे २०२० साली चाकाच्या खुर्चीवरचे काही प्रवासी याच मुद्द्यावर न्यायालयात गेले. स्टेशनावरची माणसं काढून घेतल्याने आमचा हिंडण्या-फिरण्याचा हक्क काढून घेतला जातोय, असं त्यांचं म्हणणं. २०२२ मध्ये इथल्या वाहतूक मंत्रालयाने अशा स्टेशनांवर अपंग प्रवाशांची सोय कशी करावी, याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अंध माणसाचा प्रश्न तर आणखी अवघड. गाडी उशिरा आहे, किंवा आज रद्द झाली आहे, हे सांगायला फलाटावर आवाज हवा.

शिमोनादाचे सुंदर फोटो टाकणाऱ्यांपैकी फार कमी जण हे लिहितात, म्हणून मी लिहितेय. स्टेशन मास्तर नसला तरी त्याची कामं संपत नाहीत. ती वाटली जातात. काही दूरच्या खोलीतल्या पडद्यांकडे, काही चालकाच्या पांढऱ्या हातमोज्याकडे, काही गावातल्या म्हाताऱ्यांच्या झाडूकडे, काही प्रवाशांच्या प्रामाणिकपणाकडे. आणि काही कामं कुणाच्याच वाट्याला येत नाहीत, ती तशीच फलाटावर पडून राहतात. ज्याला त्या कामांची गरज असते, तो मग घरीच बसतो. त्या मोबाइलवरच्या गोष्टीत याची कुठे खूण आहे?

याच योसान मार्गावर, कागावा प्रांतात, त्सुशिमा-नो-मिया नावाचं एक स्टेशन आहे. तिथे वर्षातून फक्त दोन दिवस गाडी थांबते, ४ आणि ५ ऑगस्टला. समोरच्या बेटावर लहान मुलांचं रक्षण करणाऱ्या देवाचं ठाणं आहे, त्याच्या उत्सवासाठी. त्या दोन दिवसांत आईबाप पोरांना घेऊन येतात, आणि रेल्वेची माणसं तिथे जातीने हजर राहतात, तिकिटं देतात, गर्दी सांभाळतात. उरलेलं वर्षभर स्टेशन नुसतं उभं. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. "दोन दिवसांचा का होईना, मास्तर असतो ना," म्हणाले.

आमच्या परतीच्या गाडीला पुष्कळ वेळ होता. इथे दोन गाड्यांमध्ये कधीकधी दोन-दोन तास जातात. दुपार उतरायला लागल्यावर शाळेतून परतणारी मुलं आली. इयो-शीकडून आलेल्या गाडीतून चौघं-पाचजण उतरले, गणवेशातले, खांद्याला अडकवलेल्या मोठाल्या खेळाच्या पिशव्या. त्यांनी चालकाला पास दाखवले, थँक यू म्हटल्यासारखं मान लववून पुटपुटले, आणि समुद्राकडे एकानेही पाहिलं नाही. कॅमेरे घेऊन आलेले दोघं बाजूला उभे राहून त्या मुलांच्या जाण्याची वाट बघत होते, म्हणजे फलाट रिकामा मिळेल. मला त्या दोघांना सांगावंसं वाटलं की या मुलांचा फोटो घ्या. ती आहेत म्हणून ही गाडी धावते. पोस्टरवरच्या रिकाम्या फलाटाने डिझेलचा खर्च निघत नाही.

तो निघत नाहीच. या किनारी तुकड्याचं पुढे काय करायचं, यावर बोलणी सुरू व्हावीत असं कंपनीने उघडपणे म्हटलेलं आहे. डोंगरातून दुसरा मार्ग असल्यामुळे जलद गाड्यांचं काही अडणार नाही. अडेल ते या मुलांचं आणि त्या आजींचं. 'इयोनादा मोनोगातारी' २०१४ मध्ये सुरू झाली, ती भरून जाते, किनाऱ्यावरचे लोक घरातून, शेतातून, पुलावरून तिला हात करतात. पुढे बऱ्याच अंतरावरच्या गोरो स्टेशनात तर गावकरी तानुकीचा, म्हणजे कोल्ह्यासारख्या एका जपानी प्राण्याचा, वेश करून तिच्या स्वागताला उभे राहतात. पण ती पाहुण्यांची गाडी आहे. गावाची गाडी म्हणजे किहा ३२, विनाशौचालय, एक डबा.

तर जे कुणी इथे यायचं ठरवत असतील त्यांच्यासाठी. मोटारीने येऊ नका. गाड्या लावायला जागा जेमतेम आहे, गावचे रस्ते अरुंद, आणि लोकांच्या दारात गाडी लावून सूर्यास्त बघायला पळणं बरं दिसत नाही. मात्सुयामाहून इयो-नागाहामाकडे जाणारी लोकल पकडा, साधारण तासाभराचा प्रवास. पाटीवर आधी इयो-कामिनादा येईल, त्याच्या पुढचं आपलं. परतीच्या गाडीची वेळ आधी कागदावर लिहून ठेवा. पाणी आणि खाऊ सोबत ठेवा, कचरा परत न्या. सूर्यास्त हवा असेल तर ढगांचा अंदाज बघून या. नसेल तर पावसाळी सकाळही चालेल, तेव्हा बाकावर जागा मिळते. मुलं चढत-उतरत असतील तर वाटेतून बाजूला व्हा. डब्यात वयस्कर माणूस असेल तर ढकलगाडीला हात लावायला आधी पुढे व्हा, चालकाला खाली उतरावं लागणार नाही.

आणि सुटे काढून ठेवा. परतीला आमच्या चिठ्ठीच्या नंबराखालचे आकडे मोठे होत होते तसे बाबा मुठीतली नाणी पुन्हा पुन्हा मोजत होते. मात्सुयामाला फाटकावर माणूस असतो, पैसे तिथे दिले तरी चालतात, असं मी त्यांना सांगितलं. ऐकेनात. ते नोटेची नाणी करून आले, माझेही करून आणले, आणि शेजारी बसलेल्या कॅमेरावाल्या पोरालाही खुणेने विचारलं, की तुझ्याकडे सुटे आहेत का रे.